अकरा वेळा वाचलेला गणोजी

विठोजी हवालदाराने आपल्या धाकट्या भावाला माझ्या समक्ष अकरा वेळा मरणातून वाचवलं.

एकदा तो भाऊ, गणोजी, म्हशीचं शेपूट धरून नर्मदा पार झाला. एकदा तेल्याच्या रांजणात तीन दिवस लपून बसला आणि बाहेर आला तो इतका गुळगुळीत होऊन, की पकडायला आलेल्या दोघा शिपायांच्या हातून मासा निसटावा तसा निसटला. एकदा नवरीच्या डोलीत बसून, मिशांवर शालू ओढून, खुद्द गोऱ्या पहाऱ्यातून पसार झाला. पण पुढच्या गावी नवरदेवाची आजी "नातसुनेचं तोंड बघू द्या" म्हणून डोलीला आडवी झाली, तेव्हा खरी पंचाईत. एकदा तो गोसाव्यांत मिसळला. गोसावी त्याला ठेवून घ्यायला तयार होते, पण याला शंख काही वाजेना. नुसती थुंकी उडे.

हे सगळं सत्तावनच्या बंडाच्या सालातलं. मी कल्याणच्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून आलो तेव्हा बंडाला वीस वर्षं होऊन गेली होती. माझं वय तेवीस. शाळा सुटली की पारनाक्यावरच्या पिंपळाच्या पारावर जाऊन बसण्यापलीकडे मला उद्योग नव्हता. पारासमोरच हवालदाराचं लहानसं कौलारू घर होतं. तिथून तो रोज चार वाजता निघे आणि पावलं मोजत पारावर येई. घर ते पार बहात्तर कदम. त्र्याहत्तरावं पडलं तर जागच्या जागी उलटा फिरून पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात करी. वाटेत बैल आडवा आला तर बैलालाच पहाऱ्यावरच्या शिपायासारखं "हुकुमदार?", म्हणजे कोण येतोय, असं दरडावून विचारी. बैल उत्तर देत नसे, पण बाजूला होई, हेही मी पाहिलेलं आहे.

पारावर बसलेली मंडळी ठरलेली. मिठागरावर काम करणारा दामा आगरी, मामलेदार कचेरीतले कारकून बापूराव, दोन-चार पेन्शनर, आणि मी. हवालदार बसला की दामा खुशाल विचारायचा,

"काय हवालदार, आज कसा वाचला गणोजी?"

आणि हवालदार त्या अकरांतला एखादा बचाव सुरू करी. कालचा आणि आजचा मेळ असलाच पाहिजे असं त्याला वाटत नसे. दामाला मात्र वाटे.

"परवा तं तुमी बोललाव, गणोजी पान्याला भितो. नि आज नर्मदा पोवला?"

"आस्ते कदम, दामा! भितो म्हणूनच शेपूट धरलं ना? न भिणारा हातपाय मारायला जातो नि बुडतो."

दामा मान हलवी. गोष्ट संपली की हवालदार उठून उभा राही, टाच टाचेला लावी आणि म्हणे, "डिसमिस!" मग आम्ही पांगायचं. एकदा बापूराव तपकीर ओढायला म्हणून मागे रेंगाळले, तर त्यांना "कानांनी अधू झालात का?" असं ऐकावं लागलं.

हवालदाराच्या गोष्टींत एक गंमत होती. ती मला फार उशिरा कळली. त्या लढाईच्या गोष्टी, पण त्यांत कधी कुणी मरत नसे. मुडदा नाही, रक्त नाही. मग असायचं काय? चुलीवर करपलेली भाकरी, आणि घरात माणूस नाही. रस्त्यात पडलेली एकच वहाण. उजाड वाड्यात टांगलेला पिंजरा, आणि त्यातला पोपट सगळ्या पलटणीला "जेवलात का?" विचारतोय. एक बाई वेशीपाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायाला, मग तो सरकारचा असो की बंडवाला, आपल्या नवऱ्याच्या अंगरख्याचा तुकडा दाखवून विचारायची, या कापडाचा माणूस पाहिलात का.

'शत्रू' हा शब्द त्याला चालत नसे. 'बंडखोर' नाही, 'फितूर' नाही. "समोरचे म्हणा," तो म्हणे. "संध्याकाळी दोन्हीकडे चुली पेटत. समोरच्यांची डाळ उकळली की वास आमच्याकडे येई. आमचा बबर्ची नाक वर करून म्हणे, हळद जास्त झाली लेकांची. मग आता त्यांना काय म्हणायचं? शेजारी म्हणायला पाहिजे खरं. पण शेजाऱ्यावर बार कसा टाकणार? म्हणून समोरचे."

विठोजी आणि गणोजी कोकणातले. बाप गेल्यावर दोघे पलटणीत शिरले. थोरला मुंबईच्या पलटणीत राहिला. धाकटा कुणाच्या तरी नादाने उत्तरेकडच्या एका संस्थानी फौजेत गेला, तिकडे पगार बरा म्हणून. बंड झालं तेव्हा धाकट्याची फौज फिरली आणि थोरल्याची तिच्यावर चालून गेली. त्यानंतर गणोजीचा पत्ता नाही. विठोजी पेन्शन घेऊन कल्याणात आला आणि गावाकडून धाकट्या भावजयीला घेऊन आला. स्वतः त्याने लग्न केलंच नाही.

त्या भावजयीचं नाव भागी. मी पाहिली तेव्हा चाळिशीकडे झुकलेली, सडसडीत बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. थोरल्या दिराशी धाकट्या भावाच्या बायकोने समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. आणि घरात तिसरं माणूस नाही. म्हणून दोघं शेळीशी बोलत.

"शेळे, आत सांग, आज वाटाण्याची उसळ नको म्हणावं. पोट बरं नाही."

आतून आवाज येई, "शेळे, भाईर सांग, वाटाने कवाच भिजत घातल्यात."

"शेळे, आत सांग, मग विचारायचं कशाला होतं?"

"शेळे, भाईर सांग, इचारलं व्हतं कुनी?"

शेळी दोघांच्या मध्ये दाव्याला उभी राहून पाला खाई. ती चरायला गेली की घरात चिडीचूप.

दरवर्षी पितृपंधरवड्याच्या आधी नाना जोशी हवालदाराकडे येत. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं खबर नसली, तर पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे त्या जिवाला गती मिळते, अशी चाल आहे. जोशीबुवा हे समजावून सांगत. बाराची वीस झाली, सोळा आण्यांचा धर्म राहून गेलाय, बाई अजून सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला जाते, लोक बोलतात, वगैरे.

हवालदार सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "जोशीबुवा, हजेरीपटावर नाव आहे तोवर माणूस हजर. जिवंत माणसाची मयत काढली तर कोर्टमार्शल होतं. आमच्याकडे झालेलं आहे." कुणावर, कुठे, ते जोशीबुवा विचारत नसत. दक्षिणा म्हणून त्यांना दोन नारळ आणि एक ताजा बचाव ऐकायला मिळे, आणि ते पुढच्या वर्षापर्यंत जात.

इथवर लिहिलं ते सोपं होतं. पुढचं वीस वर्षं लिहीन लिहीन म्हणून राहून गेलं.

मला तेव्हा लेखक व्हायचं होतं. मुंबईच्या एका मासिकाकडे मी दोन निबंध पाठवले होते, 'आळस' आणि 'स्वदेशप्रीती'. दोन्ही साभार परत आले. तिसऱ्या खेपेला संपादकांनी चार ओळी लिहिल्या: निबंध पुष्कळ येतात, एखादी गोष्ट पाठवा; खरी घडलेली असल्यास उत्तम, आणि शेवट हृदय हेलावणारा असावा.

माझ्यासमोर गोष्ट रोज चार वाजता बहात्तर पावलं चालत येत होती. फक्त तिला शेवट नव्हता, म्हणजे अकरा होते आणि एकही हृदय हेलावणारा नव्हता. मी ठरवलं, हा म्हातारा सांगणारा चांगला, पण त्याला कला कळत नाही. दोन सख्खे भाऊ, दोन फौजा, समोरासमोर. यातून निघणारा शेवट एकच. हे माझ्या ध्यानात आलं, आणि ज्याची ती गोष्ट आहे त्याला वीस वर्षांत सुचलं नाही, याचा मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

चार दिवसांत गोष्ट लिहून झाली. रणांगण मी प्रेतांनी भरून टाकलं. हवालदाराची करपलेली भाकरी आणि पोपट दोन्ही गाळले; ती मला हलकी वाटली. नावं बदलायचं मनात आलं होतं, पण 'गणोजी' हे नाव कागदावर असं बसलं, की बदलवेना. आणि सोबतच्या पत्रात मी लिहिलं: ही गोष्ट खरी घडलेली असून संबंधित लोकांकडे व कागदपत्रांत चौकशी करून लिहिली आहे.

कागदपत्र मी एकही पाहिला नव्हता. कोणते कागद, कुठे असतात, हेदेखील मला ठाऊक नव्हतं.

तीन महिन्यांनी अंक आला. बापूराव त्या मासिकाचे वर्गणीदार. ते अंक घेऊन धावतच पारावर आले. "मास्तर! छापून आलात की हो!" मी लाजल्यासारखं केलं. मंडळींनी आग्रह धरला की वाचून दाखवा. मी म्हटलं, बापूरावांचा आवाज चांगला आहे. तो होताच. हरदासाच्या घरात वाढलेला माणूस, कुठे गळा दाटवायचा हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

हवालदार नेहमीच्या जागी काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. गणोजीचं नाव आलं तसा तो खूश झाला. "आमच्या गणूचं छापलंत? वा!" समोर घराच्या दारात भागीवहिनी येऊन उभी राहिली. मी तिला पाहिलं. त्याच क्षणी उठून बापूरावांच्या हातातला अंक ओढून घ्यायला हवा होता. मी पाहत होतो ते एवढंच, की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतंय का.

बापूरावांनी शेवटाला आवाज खाली आणला. "धुराचा पडदा क्षणमात्र विरला. धाकट्याने थोरल्यास ओळखिले. त्याच्या मुखावर ओळखीचे मंद हास्य उमटले आणि त्याने आपली बंदूक खाली केली. हाय हाय! त्याच क्षणी थोरल्याच्या बंदुकीची गोळी गणोजीच्या वक्षःस्थळी..."

दामा रडत होता. बापूराव स्वतःच्या आवाजाने स्वतः रडत होते. हवालदार रडला नाही. आता तो "आस्ते कदम!" म्हणेल, आपल्या गोष्टीची मोडतोड केली म्हणून माझी हजेरी घेईल, बारावा बचाव काढील, असं मला वाटलं. तो काठीकडे बघत बसला होता.

मग भागीवहिनी पारापर्यंत आली. पदर पुढे ओढलेला, पण आवाज स्पष्ट.

"मास्तर, तुमी शिकल्याले. ह्ये छापलंय, ते खरं हाय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बापूरावांच्या मांडीवर अंक उघडा, त्यावर माझं नाव, आणि नावाखाली 'खरी घडलेली गोष्ट; कागदपत्रांत चौकशी करून लिहिलेली' असे ठसठशीत शब्द. "नाही, मी बनवलं," एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण मग छापून आलेला मास्तर खोटारडा ठरला असता.

मी म्हटलं, "चौकशी करूनच लिहिलंय, वहिनी."

ती उभ्या उभ्या थोडी मागे सरली, आणि घरात गेली. हवालदार उठला. डिसमिस म्हणाला नाही. आम्ही कुणीही जागचे हललो नाही, आणि तो पावलं न मोजता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः नाना जोश्यांना बोलावणं पाठवलं. जोशीबुवा चक्रावले. "अहो, वीस वर्षं मी सांगतोय, तेव्हा..." हवालदार म्हणाला, "तेव्हा खबर नव्हती. आता मास्तरांनी लष्कराचे कागद पाहिलेत."

खाडीकाठी विधी झाला. मी गेलो होतो. न जाणं जमलं नाही. मलंगगडाच्या बाजूने दामाने पळसाची पानं आणली होती. जोशीबुवा देठ मोजून मांडत होते. डोक्याला इतके, गळ्याला इतके, छातीला, हातांना, पायांना. डोक्याच्या जागी नारळ. हवालदाराने मिशा उतरवल्या होत्या. मिशांशिवाय त्याचं तोंड कुणा दुसऱ्याच, साध्या माणसाचं वाटत होतं.

तो पुतळ्याकडे बघत होता. एकाएकी म्हणाला, "जोशीबुवा, डावा खांदा उतरता घ्या."

"अं?"

"गणूचा डावा खांदा जरा उतरता होता. लहानपणी आंब्यावरून पडला होता."

"हवालदार, शास्त्रात खांद्याचं काही..."

"शास्त्राने गणूला पाहिलं नव्हतं."

जोशीबुवांनी चार देठ खाली सरकवले. मग हवालदार म्हणाला, उंची जास्त होते आहे, तो माझ्या कानापर्यंत यायचा. स्वतः पुतळ्याशेजारी रेतीत आडवा झाला आणि दामाला म्हणाला, बघ रे, कुठे येतंय. दामाने रडत रडत कानाशी बोट टेकवलं. पायाकडचे देठ आखूड केले. दुसरा कुणी असता तर जोशीबुवा खवळले असते. त्या दिवशी ते मुकाट्याने सांगितलं तसं करत गेले. नारळ मात्र हवालदाराने स्वतः फिरवून बसवला, आणि त्याचे डोळे आपल्याकडे येणार नाहीत असे खाली घातले.

घरी बायकांनी भागीवहिनीच्या बांगड्या फोडल्या.

आठ-दहा दिवस मी शाळेत मुलांना काय शिकवलं, देव जाणे. मग एका दुपारी, हवालदार पेन्शनीच्या कामाला कचेरीत गेलेला पाहून, मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. भागीवहिनी तांदूळ निवडत होती. मोकळं कपाळ बघवेना म्हणून मी सुपाकडे बघत बोललो.

"वहिनी, मी खोटं बोललो. चौकशी केली नव्हती. ती गोष्ट माझ्या मनाने रचलेली आहे."

तिचे हात थांबले नाहीत. खडा काढून बाजूला टाकला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"तुमच्या डोळ्यांत दिसलं त्याच दिशी. पन मास्तर, धनी गेल्याचं मला ईस वर्सं ठावं हाय. जिता असता तं आला नसता का? मी का म्हशीचं शेपूट धरून बसल्ये?"

मग हे कुंकू, या बांगड्या, इतकी वर्षं? माझ्या तोंडून प्रश्न फुटला नाही, पण तिने ओळखला.

"ते भावजींच्या पायी. मानूस भावाला येवड्या येळा वाचवतो तो कशापायी, मास्तर? आपल्या हातून मेला का काय, ह्ये भ्या ज्याला हाय तोच. त्यांची पलटन त्याच्या समोर व्हती. धुरात बार टाकलं. कुनाचा कुनाला लागला कुनाला ठावं? मी कुकू पुसलं असतं, तं त्यांनी त्याच दिशी हिरीत जीव दिला असता. म्हनून लावत व्हते. रोज लावायचं, दारात उभं ऱ्हायचं, त्यांनी बघायचं. म्हंजे त्यांचा त्यो दिस जायचा."

तिने सुपातले तांदूळ सारखे केले.

"माजं कुकू गेलं ते गेलं," ती म्हणाली. "माजं आता वय का हाय? पन त्यांना वाटतंय, सरकारी कागदात लिवलंय, गोळी त्यांची. मी सांगून पटायचं नाय. तुमी लिवलंय, तुमीच सांगा. येवडं काम करा."

मी हो म्हटलं.

आणि चार वर्षं केलं नाही.

कारणं होती. पहिल्यांदा हवालदार पारावर येईनासा झाला. मग आला, पण गप्प बसे, आणि चार माणसांत कसं सांगणार? एकटा भेटला तर म्हणे, "मास्तर, तुमचे उपकार. वीस वर्षं गणू अधांतरी होता. तुम्ही त्याला ठिकाणी लावलात." उपकार मानणाऱ्या माणसाला काय सांगायचं? दामा एकदा चुकून जुन्या सवयीने विचारून गेला, "हवालदार, आज कसा..." आणि जीभ चावली. हवालदार म्हणाला, "आता कागद आलेत, दामा." मग माझी ठाण्याला बदली झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लग्न झालं, मूल झालं. संपादकांचं पत्र येई, आणखी एक गोष्ट पाठवा, वाचकांना आपली पहिली फार आवडली. मी पुन्हा कधी लिहिली नाही. लोकांना वाटलं, संसारात पडला.

एके सकाळी ठाण्याच्या बंदरावर दामाचा मिठाचा मचवा लागला आणि तो शोधत घरी आला.

"मास्तर, हवालदारांनी हातरून धरलंय. वैनी बोलल्या, मास्तरांना सांग, त्यांचं एक काम ऱ्हायलंय."

भरतीबरोबर त्याच मचव्यातून मी कल्याणला गेलो.

हवालदार खाटेवर होता. मिशा पुन्हा वाढवल्या नव्हत्या. मला पाहून टाच टाचेला लावायचा प्रयत्न केला, पांघरुणाखाली. भागीवहिनी दाराशी उभी राहिली. मी प्रस्तावना केली नाही. केली असती तर पुन्हा फिरलो असतो.

"हवालदार, गणोजीची ती गोष्ट मी बनवली. कुठेही चौकशी केली नव्हती. लष्कराचे कागद माझ्या बापाने पाहिले नाहीत. गोळी तुमची होती, असं मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या मनाने लिहिलं. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोललो."

त्याने नजर आढ्याकडे नेली. शिव्या देईल असं वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे कागदात तसं नाही."

"कसलाही कागद नाही."

"गोळी माझी नव्हती?"

"ते मला माहीत नाही, हवालदार. ते कुणालाच माहीत नाही."

त्याच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला. माझ्या मनात आलं, झालं, चार वर्षांचं ओझं उतरलं, इतकं सोपं होतं तर आधीच का नाही केलं. आणि तेवढ्यात त्याने मान माझ्याकडे वळवली.

"आणि मास्तर, ते आधीचं? त्याने मला ओळखलं ते? हसला, नि बंदूक खाली केली?"

एकदा खरं बोलायला लागलो होतो. "तेही मीच," मी म्हटलं.

"हसलासुद्धा नाही?"



त्याने उशाखाली हात घातला आणि तो अंक काढला. बापूरावांनी कधी दिला कोण जाणे. याला तर अक्षर वाचता येत नव्हतं. शेवटच्या पानाचा कोपरा बोटं लागून लागून काळा आणि मऊ झाला होता.

"चार वर्षं एवढ्यावरच काढली," तो म्हणाला. "गोळी घातली ती घातली मी. पण घालायच्या आधी त्याने मला बघितलं, ओळखलं, रागावला नाही. बापूराव येऊन वाचायचे." अंक त्याने माझ्या हातात दिला. "गोळी तुमची तुम्ही परत न्या, मास्तर. हसू राहू द्या. वाचा."

भागीवहिनी आत येऊन खाटेच्या पायाशी बसली. मी पान उघडलं. धुराचा पडदा क्षणमात्र विरला. धाकट्याने थोरल्यास ओळखिले. त्याच्या मुखावर ओळखीचे मंद हास्य उमटले आणि त्याने आपली बंदूक खाली केली.

तिथे मी थांबलो.